खांदेरीवरील चाकरी

आपल्या ज्ञातीच्या सभासमारंभांत मायनाक भंडारी यांचे नाव घेतल्यावाचून भाषणास रंग चढत नाही. नाव घेतले, टाळ्या पडल्या, की वक्ते पुढील विषयाकडे वळतात. परंतु या पुरुषाने खांदेरीवर नेमके केले काय, असे घरातील एखाद्या चिरंजीवाने विचारले, तर आपणांपैकी पुष्कळांची पंचाईत व्हावी. म्हणून ती हकीकत येथे देण्याचे आम्ही योजिले आहे. ती जितकी शौर्याची, तितकीच गमतीचीही आहे.

अलिबागच्या उत्तरेस थळ गाव आहे. त्याच्या समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही बेटे आहेत. खांदेरीवर ठाणे बसले, की मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांवर नजर राहते. 1672 मध्ये शिवछत्रपतींनी तेथे बांधकाम आरंभिले होते. पण इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधामुळे ते थांबले. 1679 च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, मायनाक बेटावर उतरले. बरोबर माणसे 150 आणि लहान तोफा 4. एवढ्या संसारावर त्यांनी तट बांधावयास घेतला! बेट आमचे आहे, निघून जा, असे इंग्रजांनी बजावले. राजांच्या हुकुमावाचून आपण हलणार नाही, हे मायनाकांचे उत्तर.

मग इंग्रजी जहाजांनी बेटाला वेढा घातला. 19 सप्टेंबर रोजी लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरावयास गेले व मारले गेले. साहेब त्या वेळी मद्याच्या धुंदीत होते, असे इंग्रज इतिहासकारच लिहितात. पिढ्यान् पिढ्या माडी काढणाऱ्या ज्ञातीच्या सरदारावर अशा अवस्थेत चालून जाणे म्हणजे लोहाराच्या दारी सुया विकण्यासारखेच झाले!

18 ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला केला आणि ‘डव्ह’ हे जहाज पकडले. ‘रिव्हेंज’ मात्र शौर्याने झुंजले व आपल्या गलबतांना माघार घ्यावी लागली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण खरी मौज रात्रीची. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्याची वाट पाहत उभी असत. आपल्या वल्ह्यांच्या होड्या उथळ पाण्यातून, खडक चुकवीत, दाणागोटा आणि दारूगोळा घेऊन बेटावर पोचत. पहारा साहेबांचा, पुरवठा आमचा! दिवस उजाडे तो तट आणखी थोडा वर आलेला दिसे. अखेर 1680 च्या आरंभी इंग्रजांनी वेढा उठविला आणि खांदेरी स्वराज्यातच राहिली. शेजारच्या उंदेरीवर मात्र सिद्दीने ठाणे दिले.

या हकीकतीचा बोध आम्हांस असा वाटतो की, खांदेरी केवळ तलवारीने राखली नाही. ती भरतीओहोटीच्या जाणत्यांनी, गवंड्यांनी, वल्हेकऱ्यांनी राखली. आणि त्यांत भंडाऱ्यांबरोबर कोळी व इतर दर्यावर्दी बांधवही होते. श्रेय वाटून घेतल्याने ते कमी होत नाही.

खांदेरीचे नाव पुढे भारतीय नौदलाच्या दोन पाणबुड्यांना मिळाले, 1968 मध्ये एकीला आणि 2019 मध्ये दुसरीला. 2025 मध्ये हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. मात्र त्या 150 जणांपैकी कोणी आपल्या चाकरीची आठवण लिहून ठेवलेली नाही. आज जे समजते ते बरेचसे शत्रूच्या पत्रांवरून. आपल्या अनेक घरांत नौदलात आणि बोटीवर नोकरी केलेली वडीलधारी मंडळी आहेत. जेवणावळीतली थट्टा, साहेबांच्या फजित्या, पहिल्या सफरीतील ओकाऱ्या, हे सारे ती रंगवून सांगतात. ते ऐकून हसावे, पण कागदावरही उतरवून घ्यावे, एवढीच ज्ञातिबंधूंस आणि भगिनींस आमची विनंती आहे.