सागरकिनारा आणि आरोग्य

समुद्रकिनारी काही काळ घालवल्याने प्रकृतीला उभारी मिळते, हा समज जुना आहे. इंग्लंडमधील वैद्य रिचर्ड रसेल यांनी ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याची उपयुक्तता सांगणारा लॅटिन प्रबंध १७५० मध्ये प्रसिद्ध केला आणि ब्रायटनचा किनारा आरोग्यस्थान म्हणून नावारूपाला आला. मार्गेट येथे गंडमाळेने पीडित गरीब रुग्णांसाठी १७९१ मध्ये सागरस्नान रुग्णालयाची स्थापना झाली. समुद्राचे पाणी पिण्याचा त्या काळातील उपचार पुढे मागे पडला. किनाऱ्याचे महत्त्व मात्र टिकून राहिले.

एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडच्या २००१ च्या जनगणनेचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. समुद्राजवळ राहणाऱ्यांमध्ये आपले आरोग्य चांगले असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण किंचित अधिक होते व गरीब वस्त्यांत हा फरक जास्त ठळक होता. सुमारे २६ हजार प्रौढांच्या माहितीवर आधारित २०१९ च्या अभ्यासात, किनाऱ्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींमध्ये मानसिक विकारांची लक्षणे कमी आढळली.

किनाऱ्यावर चालणे आपोआप वाढते. मऊ वाळूत चालताना कठीण जमिनीपेक्षा अधिक ऊर्जा खर्च होते. मोकळे क्षितिज आणि लाटांचा संथ नाद यांमुळे मनावरील ताण हलका होतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापत असल्याने दुपारनंतर समुद्राकडून गार वारा वाहतो व उकाडा सुसह्य होतो.

तथापि, केवळ समुद्राच्या सान्निध्याने आरोग्य लाभत नाही. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांच्या २०२१ च्या अहवालाने तेथील अनेक किनारी शहरांत दारिद्र्य व अपुऱ्या वैद्यकीय सेवांमुळे आजारांचे प्रमाण अधिक असल्याकडे लक्ष वेधले होते.

भारतात मुंबईची गिरगाव चौपाटी किंवा चेन्नईचा मरीना किनारा म्हणजे दाटीवाटीच्या घरांत राहणाऱ्यांना विनामूल्य लाभणारा मोकळा श्वास होय. पुरी, कप्पड, घोघला यांसह देशातील आठ किनाऱ्यांना २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छता व सुरक्षिततेविषयीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले.

भर उन्हात किनाऱ्यावर थांबणे टाळावे. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात तसेच पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात उतरू नये आणि जीवरक्षकांच्या सूचना पाळाव्यात. समुद्रकिनारा औषधोपचारांना पर्याय ठरू शकत नाही. मात्र ज्यांना त्याचा लाभ सर्वाधिक होतो, त्या सामान्यजनांसाठी तो स्वच्छ व खुला राहणे, हा सार्वजनिक आरोग्याचाच प्रश्न आहे.