स्वगताचे स्थान आणि अर्थ : ‘हॅम्लेट’च्या तीन संहिता

‘हॅम्लेट’मधील जीवनमरणविषयक स्वगत आत्महत्येच्या उंबरठ्यावरील एका व्यक्तीचे मनोगत होय, हा अर्थ आपण बहुधा गृहीतच धरतो. या गृहीतकाला पहिला छेद देतो तो संहितांचा इतिहास.

या नाटकाच्या तीन आद्य मुद्रित संहिता उपलब्ध आहेत : १६०३ ची पहिली क्वार्टो, १६०४-०५ ची दुसरी क्वार्टो आणि १६२३ ची फोलिओ. पहिली क्वार्टो १८२३ मध्ये पुन्हा उजेडात आली. अठराव्या शतकातील टीकाकारांपुढे ती नव्हतीच. तीत हे स्वगत नटमंडळी राजवाड्यात येण्यापूर्वी येते. नैराश्य आधी आणि नाट्यप्रयोगाद्वारे राजाची परीक्षा घेण्याची युक्ती नंतर. म्हणजे कृती हे नैराश्याला दिलेले उत्तर ठरते. उर्वरित दोन संहितांत हा क्रम उलटा आहे. युक्ती ठरल्यानंतरही हॅम्लेट विचारांच्या आवर्तात सापडतो. दिरंगाई करणारा हॅम्लेट या प्रतिमेला याच क्रमाचे बळ मिळते.

भेद केवळ स्थानाचा नाही. पहिल्या क्वार्टोत जगाचे जाच सोसायला लावते ती मरणोत्तर सुखाची आशा. अन्य दोहोंत अज्ञाताचे भय. शिवाय या दोन संहितांत ऑफेलियाची चाहूल लागेपर्यंत स्वगतात ‘मी’ नाही, ‘आपण’ आहे. पित्याचा खून व मातेचा पुनर्विवाह यांचा निर्देशही नाही. पित्याच्या पिशाच्चाशी बोललेला हा राजपुत्र परलोकातून कोणी परतत नाही असे म्हणतो, ही बहुचर्चित विसंगतीही येथे सुसह्य होते : तो स्वतःची हकिकत सांगत नसून मानवी अस्तित्वाविषयी पूर्वपक्ष-उत्तरपक्ष मांडत आहे. विटेनबर्गच्या विद्यार्थ्याला ही रीत शोभणारीच आहे.

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) हा प्रश्न वृद्ध गणपतराव बेलवलकरांच्या वाट्याला येतो, तेव्हा ‘असणे’ हे ‘जगणे’ होते आणि सर्वांचा प्रश्न एका निराधाराचा होतो. हे रूपांतर नाट्यदृष्ट्या समर्थ आहे. परंतु बेलवलकरांची व्यथा मागे नेऊन हॅम्लेटवर आरोपित केली, की मूळ स्वगताची तात्त्विक व्याप्ती आपल्या वाचनातून निसटते. म्हणून या स्वगताचा अर्थ विचारण्यापूर्वी ते कोणत्या संहितेतले, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.