आइस्क्रीमचा पॉट, मीठ आणि म्पेम्बाचा प्रश्न

मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांवर जातो. याच दिवसांत मराठी घरांतून आइस्क्रीमचा पॉट बाहेर निघत असे. लाकडी पिंप, मधोमध आमरसाचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि जाडे मीठ. दांडा फिरवण्याची पाळी मुलांची. शेवटी रस घट्ट होऊ लागला की पिंपावर गोणपाट टाकून कोणाला तरी वर बसवावे लागे.

या खेळात एक विसंगती दडलेली आहे. मिठाने बर्फ लवकर वितळतो. मग डबा अधिक गार कसा होतो? उत्तर वितळण्यातच आहे. १ ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ ज्यूल उष्णता शोषतो. मिठामुळे तो शून्याखालीही वितळत राहतो आणि ती उष्णता आमरसातून ओढतो. मिठाचे प्रमाण योग्य असेल, तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. गणितही येथेच आहे. ३० अंशांचे १ किलो पाणी गोठवायचे, तर सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणजे ढोबळ हिशेबाने १.४ किलो बर्फ हवा. बाहेरच्या झळांचा वाटा वेगळा. पिंप लाकडाचे असते ते त्यासाठीच.

क्षार वापरून थंडावा मिळवण्याची युक्ती जुनी आहे. अकबराच्या दरबारात सोऱ्याने पाणी गार करत, हे ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदलेले आहे. नियम मात्र उशिरा हाती आला. द्रावणात विरघळलेला पदार्थ जितका अधिक, तितका गोठणबिंदू खाली, हे चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७८८ मध्ये मोजून दाखवले. १ किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर घातली, तर ते शून्याऐवजी उणे १.८६ अंशांच्या आसपास गोठू लागते. पाण्याचा बर्फ होत जातो तसा उरलेला रस अधिक गोड होतो आणि त्याचा गोठणबिंदू आणखी घसरतो. आंब्याचे आइस्क्रीम दगडासारखे न होता चमच्याने निघते, याचे एक मोठे कारण हेच.

या विषयातील सर्वांत बोलका प्रसंग मात्र टांझानियातला आहे. १९६३ मध्ये मगाम्बा येथील शाळेत मुले दूध उकळून, साखर घालून आइस्क्रीम करत. फ्रीझरमधली जागा जाईल या भीतीने एरास्टो म्पेम्बा या विद्यार्थ्याने दूध निवू न देता गरमच आत ठेवले. शेजारच्या मुलाने दूध न उकळताच ठेवले होते. दीड तासाने पाहिले, तर म्पेम्बाचे दूध गोठलेले आणि दुसऱ्याचे अजून पातळ. शिक्षकांनी त्याचा गोंधळ झाल्याचे सांगितले. पुढच्या शाळेत तर चेष्टाच झाली. तेथे व्याख्यानाला आलेले भौतिकशास्त्रज्ञ डेनिस ऑस्बोर्न यांना त्याने तोच प्रश्न सर्वांदेखत विचारला. ऑस्बोर्न यांनी प्रयोगशाळेत पडताळा घ्यायला लावला. गरम पाणी आधी गोठल्याचे सांगताना, ‘योग्य’ उत्तर येईपर्यंत प्रयोग करत राहू, असे तेथील तंत्रज्ञ म्हणाला! १९६९ मध्ये दोघांच्या नावे निबंध प्रसिद्ध झाला.

मुलाच्या निरीक्षणाला पुस्तकाइतके वजन देण्याचा प्रयत्न रायपूर तेव्हा ज्या राज्यात होते, त्या मध्य प्रदेशातही झाला. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत सुरू झाला. मुलांनी प्रयोग करावा, नोंदी ठेवाव्यात आणि निष्कर्ष स्वतः काढावा, ही त्याची रीत. अनेक जिल्ह्यांत पसरलेला हा कार्यक्रम शासनाने २००२ मध्ये बंद केला; तीस वर्षांची ही घडी मोडणे हे नुकसानच होते. आता राष्ट्रीय शिक्षण धोरण सहावी ते आठवीला दहा दप्तराविना दिवस सुचवते. त्या दिवसांत पॉट शाळेत यायला हरकत नसावी.

म्पेम्बाचा वाद अजून मिटलेला नाही. पाण्यावरील प्रयोगांत थर्मामीटर केवळ एखादा सेंटीमीटर वरखाली असला, तरी असा परिणाम भासू शकतो, असे २०१६ मध्ये हेन्री बरिज आणि पॉल लिंडन यांनी दाखवले. तेव्हा आमरसाच्या दोन वाट्या, एक गरम आणि एक गार, फ्रीझरमध्ये ठेवणाऱ्या मुलांनी वेळेबरोबरच थर्मामीटरचे टोक किती खोल होते, तेही वहीत लिहावे.