दुप्पट मेमरीची ग्वाही

1995 साली विंडोज 95 बाजारात अवतरली, तेव्हा अमेरिकेत मेमरीच्या एका मेगाबाइटला सुमारे 30 डॉलर मोजावे लागत. अशा महागाईत नवी चिप न बसवता, केवळ संकोचनाच्या तंत्राने उपलब्ध मेमरी दुप्पट करण्याची ग्वाही देणारे ‘सॉफ्टरॅम’ हे सॉफ्टवेअर लाखो ग्राहकांनी खरेदी करावे, यात नवल ते कोणते? पडद्यावर ते वाढीव मेमरीचे आकडे दाखवी, आणि ग्राहक त्या आकड्यांनाच पुरावा मानी. वस्तुतः आरोपीचीच जबानी निकाल म्हणून स्वीकारण्याचा हा प्रकार होता.

जर्मनीतील ‘सीटी’ या नियतकालिकाने आणि मार्क रुसिनोविच यांच्यासारख्या तज्ज्ञांनी मात्र जाहिरात बाजूस सारून आतल्या संहितेचाच पंचनामा केला. तेव्हा आढळले असे की, विंडोज 95साठीच्या आवृत्तीत संकोचन म्हणून जी क्रिया चाले, ती मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी जसाच्या तसा उतरवून ठेवण्यापलीकडे काहीच करीत नव्हती. हा शोध मला न्यायालयीन निवाड्याहूनही मोलाचा वाटतो, कारण उपयुक्ततेचा दावा प्रत्यक्ष कार्यावरूनच पारखावा, ही शिस्त त्यात मूर्तिमंत दिसते. पुढे 1996मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने फसव्या दाव्यांबद्दल उत्पादक सिंक्रोनिस कंपनीविरुद्ध रीतसर कारवाई केली.