निम्म्यांना माफी

15 मे 1625. वरच्या ऑस्ट्रियातल्या फ्रांकेनबुर्ग गावाजवळच्या हाउशामरफेल्ड या माळावर, एका मोठ्या लिंडेनच्या झाडाभोवती, आसपासच्या गावांतले सुमारे पाच हजार पुरुष जमले होते. कुणाच्याही हातात हत्यार नव्हतं. सरकारी निरोपच तसा होता: निःशस्त्र या, दया होईल, न आलात तर खैर नाही. लोक आले आणि पाहतात तो माळाभोवती सैनिकांचा वेढा पडलेला. सैन्याबरोबर तोफा होत्या, आणि जल्लादही होता.

गुन्हा काय, तर चार दिवसांपूर्वी गावावर लादलेल्या नव्या कॅथलिक पाद्र्याला लोकांनी हुसकावून लावलं होतं आणि जहागीरदाराच्या गढीला वेढा घातला होता. माफीचं आश्वासन मिळताच वेढा उठला. खरे म्होरके तेवढ्यात पसार झाले. मागे राहिले ते निमूटपणे बोलावणं मानणारे.

त्यांच्यातून सुभेदार आडाम फॉन हर्बरस्टॉर्फने 36 जण बाजूला काढले. गावोगावचे न्यायनिवाडा करणारे पंच, पंचायतीचे सभासद, चर्चच्या पैशाअडक्याचा हिशेब ठेवणारे, म्हणजे गावातली प्रतिष्ठित मंडळी. त्यांनी दंगा केला असं सिद्ध करण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. तुम्ही गावचे कारभारी, दंगा थांबवणं तुमचं काम होतं, ते केलं नाहीत, म्हणून सगळ्यांना फाशी, असा निकाल त्याने ऐकवला. मग म्हणाला, दया करतो. निम्म्यांना सोडतो. कोणाला, ते फाशांनी ठरवा.

झाडाखाली एक काळा झगा अंथरला गेला. दोघादोघांनी पुढे यायचं, फासे टाकायचे. ज्याचं दान मोठं तो घरी, ज्याचं लहान तो जल्लादाकडे. समोर बसलेला माणूस बहुधा ओळखीचाच असणार, कारण हे सगळे शेजारपाजारच्या गावांतले कारभारी. हरलेल्यांपैकी एकदोघांना विनवण्यांनंतर सोडून दिलं. बाकीच्या सोळा-सतरा जणांना फाशी झाली. काहींना त्याच लिंडेनवर लटकवलं, काहींना फ्रांकेनबुर्ग, फ्योकलामार्क्ट आणि नॉयकिर्शेन इथल्या चर्चच्या मनोऱ्यांवर, सगळ्या पंचक्रोशीला दिसतील असं.

ही कल्पना हर्बरस्टॉर्फच्या सुपीक डोक्यातून निघाली, असं मात्र नाही. तो मुळात शिपाईगडी, घोडदळाचा सरदार, आणि त्या काळच्या युरोपातल्या फौजांत बंडखोर किंवा पळपुट्या शिपायांना फाशीच्या खांबाखाली फासे टाकायला लावण्याची चाल होती. सगळी पलटण मारून सेनापतीचं भागत नसे. थोडे मारायचे आणि बाकीच्यांना धडा द्यायचा, हा हिशेब. त्याचं मूळ थेट रोमपर्यंत जातं. इसवी सनपूर्व 71 च्या सुमारास स्पार्टाकसच्या बंडखोर गुलामांपुढून पळालेल्या पाचशे शिपायांचे रोमन सेनापती क्रॅससने दहादहाचे पन्नास गट पाडले आणि प्रत्येक गटातला चिठ्ठीने निवडलेला एक जण मारवला. हर्बरस्टॉर्फने फौजेतला हा कायदा शेतकऱ्यांच्या गावात आणला, आणि दहातल्या एकाऐवजी दोनातला एक असा भाव लावला.

त्याला इतकं मोकळं रान मिळालं कसं? सम्राट दुसऱ्या फर्डिनांडने युद्धाच्या खर्चापोटी हा अख्खा प्रांत बव्हेरियाचा सत्ताधीश माक्सिमिलियन याच्याकडे गहाण टाकला होता. 1620 पासून बव्हेरियाचं सैन्य तिथे ठाण मांडून होतं, त्याचा खर्च रयतेच्या बोकांडी. प्रजा बहुसंख्येने प्रोटेस्टंट. 1624 मध्ये त्यांच्या पाद्र्यांना आणि शिक्षकांना प्रांताबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. गंमत म्हणजे हर्बरस्टॉर्फ स्वतः प्रोटेस्टंट घराण्यात जन्मलेला, पुढे कॅथलिक झालेला. बाटगा जास्त कडवा म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडच्या जुन्या निवाड्यांत दिव्य असे. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचा, मग हाताला पिशवी बांधून मोहर करायची आणि काही दिवसांनी हात पाहायचा. आज ते अमानुष वाटतं, पण त्यामागे एक श्रद्धा होती की देव साक्षीला उभा आहे आणि खऱ्याचा हात भाजणार नाही. दिव्यातून दोषी कोण, हे कळावं अशी अपेक्षा असे. हाउशामरफेल्डवर तसलं काही नव्हतं. कोण दोषी हा प्रश्नच तिथे नव्हता. जिंकणारा निर्दोष आहे असं खुद्द सुभेदारही म्हणत नव्हता. किती मारायचे ते त्याने आधीच ठरवलं होतं. फाशांकडे सोपवली ती फक्त नावं. आणि ते फासे शिपायांनी नव्हे, शेजाऱ्यांनी एकमेकांविरुद्ध टाकायचे, म्हणजे जो वाचला त्याच्याच हातून दुसरा गेला.

अशा खेळातलं नशीब किती पोकळ असतं, ते मेक्सिकोत 1843 साली दिसलं. टेक्सासहून चालून गेलेले काही लढवय्ये तिथे कैद झाले, पळाले आणि पुन्हा पकडले गेले. अध्यक्ष सांता आनाने आधी सगळ्यांनाच गोळ्या घालायचा हुकूम दिला. तो अमलात आणायला तिथल्या गव्हर्नरने नकार दिला, तेव्हा दहातला एक असा तोडगा निघाला. 25 मार्चला सालादोच्या हासिएंडात 176 कैद्यांपुढे एक मडकं आलं. आत घेवड्याचे 159 पांढरे दाणे आणि 17 काळे. काळे दाणे मुद्दाम वर ओतून नीट न ढवळता ठेवले होते, म्हणजे आधी हात घालणारे अधिकारी, विशेषतः त्यांचा पुढारी युवेन कॅमरन, सापडावेत, असं वाचलेल्या कैद्यांनी पुढे सांगितलं. कॅमरनच्या हाताला पांढरा दाणा लागला. तो सुटला का? महिनाभराने सांता आनाचा वेगळा हुकूम आला आणि त्याला एकट्याला गोळ्या घातल्या.

फ्रांकेनबुर्गला धडा देऊन प्रांत गप्प बसेल, हा सुभेदाराचा अंदाज वर्षभरातच चुकला. त्याच शरद ऋतूत दुसरा हुकूम निघाला: पुढच्या ईस्टरपर्यंत कॅथलिक व्हा, नाहीतर प्रांत सोडा. मे 1626 मध्ये श्टेफान फाडिंगर या शेतकऱ्याच्या पुढारपणाखाली सगळा मुलूख उठला. पॉयरबाखजवळ शेतकऱ्यांनी हर्बरस्टॉर्फच्या फौजेचा धुव्वा उडवला, आणि तो कसाबसा जीव वाचवून लिंट्सच्या तटाआड शिरला. लिंट्सच्या वेढ्यात लागलेल्या आगीत एक छापखानाही जळाला. तिथे तेव्हा खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरचं ग्रहगणिताचं कोष्टक छापलं जात होतं. केप्लरला गाशा गुंडाळून उल्मला जावं लागलं आणि ते काम 1627 मध्ये तिथे पुरं झालं. फाडिंगर वेढ्यात जखमी होऊन जुलैत मेला. नोव्हेंबरात हर्बरस्टॉर्फचा सावत्र मुलगा पापेनहाइम फौज घेऊन आला आणि त्याने उठाव चिरडला. सुभेदाराचा राग तेवढ्यानेही शमला नाही. फाडिंगरचं प्रेत उकरून काढून त्याने दलदलीत पुरायला लावलं.

1925 पासून फ्रांकेनबुर्गचे गावकरी या प्रसंगाचं नाटक उघड्या माळावर करतात. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी नाझींनीही याच विषयावरचं एक नाटक भव्य रंगमंचावर उभं केलं. लहरी सत्तेचा निषेध त्यांनी करावा, याला काय म्हणायचं!

हर्बरस्टॉर्फला मात्र या सगळ्याचा जाब कुणी विचारला नाही. 1628 मध्ये गहाण सुटून प्रांत सम्राटाकडे परत आला, तेव्हाही कारभारी म्हणून तोच कायम राहिला. पुढच्या वर्षी तो वारला. आल्टम्युन्स्टरच्या चर्चमध्ये त्याची कबर आहे.