चित्रकाराचे चरित्र आणि मुलांचे चित्रपुस्तक : रत्नागिरीच्या चित्रकथी परंपरेच्या संदर्भात

चित्रकाराचे चरित्र मुलांना कशाच्या आधारे सांगावे, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनशास्त्राचा वाटतो. परंतु मुळात तो इतिहासाच्या साधनांचा प्रश्न आहे. कवीचे चरित्र लिहिताना त्याची कविता दूर ठेवता येत नाही, हे सर्वमान्य आहे. चित्रकाराचे चरित्र मात्र पुष्कळदा त्याच्या चित्रांवाचूनच सांगितले जाते, आणि बालवाचकांसाठी लिहिताना तर आख्यायिकेलाच साधनाचे स्थान मिळते.

ह्या प्रवृत्तीचे मूळ जुने आहे. व्हासारीने १५५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या इटालियन कलावंतांच्या चरित्रग्रंथात जोत्तोची कथा येते. मेंढरे राखणारा हा मुलगा दगडावर मेंढीचे चित्र काढीत असता चिमाबुए ह्या चित्रकाराच्या दृष्टीस पडला, अशी ती कथा. एर्न्स्ट क्रिस व ओटो कुर्झ ह्या विद्वानांनी १९३४ मध्ये व्हिएन्ना येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, निरनिराळ्या देशांतील व काळांतील कलावंतांविषयी अशा कथा जवळजवळ एकाच साच्यात सांगितल्या गेल्या आहेत. त्या कथांतून व्यक्तीविषयी थोडेच कळते. कलावंत हा जन्मावाच लागतो, ह्या समाजाच्या समजुतीविषयी मात्र बरेच कळते. मुलाच्या हाती नेमकी तीच कथा पडली म्हणजे शिक्षण, साधने व श्रम दृष्टीआड होतात. ज्याला लहानपणी कोणी हेरले नाही, त्याला चित्रकलेत स्थान नाही, असाही अर्थ त्यातून निघू शकतो.

रत्नागिरीच्या इतिहासात ह्याच्या अगदी उलट स्थिती पाहावयास मिळते. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी हे गाव, १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत, रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सावंतवाडी संस्थानचा आश्रय लाभलेले तेथील ठाकर समाजातील चित्रकथी, कागदावर रंगविलेली चित्रे क्रमाने श्रोत्यांपुढे धरून रामायण-महाभारतातील आख्याने गात. एका आख्यानाच्या चित्रसंचास पोथी म्हणतात. बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ह्या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आढळतो, त्यावरून चित्र दाखवून कथा सांगण्याची रीत किती जुनी आहे हे लक्षात येते. छापील चित्रपुस्तक खेड्यांत पोहोचण्यापूर्वी कोकणातील मुलांना चित्रातून कथा भेटली ती ह्या पोथ्यांच्या द्वारे. तथापि ह्या चित्रांवर चित्रकाराचे नाव सहसा नसते. त्याच जातीची जी चित्रे अन्यत्र संग्रहित झाली, तीही 'पैठण शैली' अशा स्थलनामानेच ओळखली गेली. जोत्तोच्या कथेत चित्रावाचून चरित्र आहे. येथे चरित्रावाचून चित्र आहे. पिंगुळीचे परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ह्या परंपरेतील एक नाव सर्वदूर पोहोचले. जुन्या पोथ्या रंगविणारे हात मात्र अनामच राहिले.

मुद्रणाच्या युगातही ही अनामता सर्वस्वी संपली नाही. मराठी घरांतील कहाण्यांवर आधारलेल्या सी. ए. किंकेड ह्यांच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' ह्या १९१४ मधील इंग्रजी संग्रहास महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) ह्यांची चित्रे आहेत. ती पाहणाऱ्या मुलाला कहाणी कळते. ती चित्रे काढणारा मनुष्य कोण, हे त्या चित्रांतून कळत नाही. वस्तुतः धुरंधरांच्या चरित्राचे साधन त्यांनी स्वतःच मागे ठेवले आहे. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' ह्या १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्ताचा विषय १८९० ते १९३१ ह्या काळातील मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील त्यांचे आयुष्य हा आहे. हे वृत्त एका संस्थेत विद्यार्थी व शिक्षक म्हणून केलेल्या दीर्घ कामाचे आहे, आणि म्हणूनच आख्यायिकेवर तो चांगला उतारा आहे. अर्थात उतारवयात लिहिलेले आत्मवृत्त हेही निर्दोष साधन नव्हे. वर्षांची नोंद असलेल्या चित्रांशी ते ताडून पाहावे लागते.

बालपणाचा वृत्तांत सांगूच नये, असा ह्याचा अर्थ नाही. अमृता शेर-गिल (१९१३–१९४१) ह्यांच्या बालवयातील दैनंदिन्या व चित्रे टिकून राहिली आहेत. त्यामुळे त्यांच्याविषयीच्या बालपुस्तकात बालपणाला साधार स्थान देता येते. जेथे असा आधार नाही, तेथे प्रसंग रचून पोकळी भरणे म्हणजे जोत्तोची मेंढी पुन्हा रेखाटणे होय.

चित्रपुस्तकात हा धोका अधिक संभवतो, कारण त्यातील अर्धा मजकूर चित्रांचा असतो. चरित्रनायकाचे प्रसंग दुसऱ्याच चित्रकाराने प्रत्येक पानावर रेखाटले, तर ज्याच्यासाठी पुस्तक काढले त्याचाच हात वाचकाला दिसत नाही. येथे चित्रकथ्याची रीत उपयोगी पडते. तो आधी चित्र पुढे धरतो, आणि शब्द त्या चित्राला धरून चालतात. धुरंधरांवरील पुस्तकात त्यांच्या कहाण्यांची, विवाहसोहळ्यांची व पौराणिक प्रसंगांची मूळ चित्रे क्रमाने मांडून चरित्र त्यांच्या अनुरोधाने सांगता येईल. ह्या रीतीने पिंगुळीच्या अनाम चित्रकारावरही पुस्तक होऊ शकेल : त्याचे नाव किंवा जन्मवर्ष त्यात येणार नाही, पण त्याची रेषा, त्याचे रंग आणि पिढ्यान्‌पिढ्या हाताळल्याने झिजलेल्या कागदाच्या कडा येतील. इतिहासाला जे ठाऊक आहे तेवढेच मुलांना सांगूनही चरित्र उभे राहते, हे त्यावरून सिद्ध होईल.