कर्नलला जागा कोण देतो?

नाशिककरांना जागावाटपाचे शास्त्र नव्याने शिकवायला नको. बारा वर्षांनी सिंहस्थ येतो तेव्हा तपोवनात साधुग्राम वसते. कोणाची राहुटी कोठे, पाण्याचा नळ कोठे, वाट किती रुंद सोडायची, हे सारे आधी कागदावर ठरते आणि मग मांडव उभे राहतात. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णव आखाडे नाशकात, ही वाटणीही जुनी. आणि ती काही गोडीगुलाबीने झालेली नाही. संगणकाच्या पोटातसुद्धा अशीच एक वाटणी असते आणि तिचाही एक नकाशा असतो. त्याला लिंकर स्क्रिप्ट म्हणतात. फराळाच्या ताटावर हा विषय चकलीपेक्षा थोडा कडक वाटेल. पण त्याच्या मागचा इतिहास मोठा रंजक आहे.

संगणकाची मेमरी म्हणजे ओळीने मांडलेले, क्रमांक घातलेले खण. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेले यंत्र 1960 साली रीतसर कामाला लागले. 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे बारसे केले. त्याच्या मेमरीत खण होते 2048, प्रत्येक 40 बिटांचा. देवनागरी अक्षरे आज ज्या पद्धतीने साठवतात, त्या पद्धतीने हा छोटा लेखही त्यात मावणार नाही! त्या काळी यंत्राच्या भाषेत आज्ञा लिहायच्या म्हणजे कोणती आज्ञा कोणत्या खणात बसणार, हे लिहिणाऱ्यानेच ठरवावयाचे. मध्येच एखादी विसरलेली आज्ञा घुसवली की पुढच्या साऱ्यांचे क्रमांक सरकत, आणि त्या क्रमांकांचा उल्लेख जेथे जेथे असेल तेथे खाडाखोड करावी लागे. पंगतीत मधेच एक पाहुणा बसवावा आणि शेवटपर्यंतची सगळी पाने उचलावी लागावीत, तशी ती गत.

या कटकटीवर केंब्रिजच्या डेव्हिड व्हीलर यांनी 1949 सालीच तोड काढली होती. एड्सॅक यंत्रात कागदी फीत वाचली जात असतानाच पत्ते आपोआप सरकवून घेण्याची युक्ती त्यांनी बसवली. पुढे अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी 1952 च्या सुमारास तयार तुकडे शोधून एकत्र जोडण्याचे काम यंत्राकडूनच करवून घेतले. या जोडणाऱ्याचे नाव लिंकर. पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक धनंजय धामधेरे यांच्या पाठ्यपुस्तकांतून या विद्येची ओळख आपल्याकडील कित्येक विद्यार्थ्यांना झाली आहे. लिंकरमुळे पत्त्यांचा हिशेब माणसाच्या डोक्यावरून उतरला. आज सामान्य प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपली आज्ञा कोणत्या खणात बसली याची गंधवार्ताही नसते, आणि नसावीच.

याला अपवाद एकाचा, तो म्हणजे कर्नल. हा लष्करातला नव्हे. बदामातला मगज म्हणतो तसा. संगणकावर राज्य करणाऱ्या व्यवस्थेचा हा गाभा. इतर प्रोग्रामांना जागा देतो तो कर्नल. मग कर्नलला जागा कोण देणार? त्याच्या आधी तेथे मालक म्हणावा असा कोणी नसतो. म्हणून त्याचे ठिकाण माणसालाच लिहून द्यावे लागते, आणि ते लिहिण्याचा कागद म्हणजे लिंकर स्क्रिप्ट. तिच्यातले सर्वांत वजनदार चिन्ह म्हणजे एक साधे टिंब. मोजणीदार साखळी धरून उभा असतो त्या जागेसारखे ते आहे. टिंबाला क्रमांक दिला की पुढची सारी मोजणी तेथून चालू.

क्रमांक कोणता द्यावा यात जुन्या घरातल्या हिश्श्यांइतकाच इतिहास भरला आहे. 1981 साली आलेल्या आयबीएमच्या घरगुती संगणकात पत्ते होते एका मेगाबाइटपुरते. त्यांतले पहिले 640 किलोबाइट वापरणाऱ्यासाठी, वरचे पडदा आणि यंत्राचे मूळ आज्ञासंच यांच्यासाठी राखून ठेवलेले. दहा वर्षांनी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहिले तेव्हा कर्नल लहान होता, तळाशी सहज मावला. अंग भरल्यावर मात्र त्याला त्या राखीव पट्ट्याच्या पलीकडे, एका मेगाबाइटच्या वर घर करावे लागले.

त्यातही गंमत अशी की त्याला पत्ते दोन. 32 बिटांच्या लिनक्समध्ये कर्नल कागदोपत्री राहतो तीन गिगाबाइटच्या वर, आणि प्रत्यक्षात पूर्वी उतरत असे एका मेगाबाइटपाशी. दोहोंचा मेळ घालणारी कोष्टके कर्नल स्वतःच मांडतो. ती मांडून होईपर्यंत आरंभीच्या आज्ञांना प्रत्येक पत्त्यातून तीन गिगाबाइट वजा करूनच पाऊल टाकावे लागते. ही वजाबाकी चुकली तर यंत्र भलत्याच खणात उडी घेते आणि काळा पडदा दाखवून गप्प बसते. चूक सांगणारी यंत्रणाच अजून जागी झालेली नसते, मग तक्रार करणार कोण? कर्नल लिहिणाऱ्यांच्या रात्री खाणारा दोष तो हाच.

जागा ठरली की आतली दालने. आज्ञा एका दालनात, तिला कोणी हात लावायचा नाही, न बदलणारे आकडे व मजकूर दुसऱ्यात, बदलणारे तिसऱ्यात. आरंभी ज्यांत केवळ शून्ये असतात त्या खणांसाठी फाइलमध्ये जागा दवडत नाहीत, नुसती लांबी टिपून ठेवतात. मला सर्वांत भावते ते आरंभापुरते दालन. यंत्र जागे होताना एकदाच लागणाऱ्या आज्ञा लिंकर स्क्रिप्ट एकत्र आणून बसवते आणि दोन्ही टोकांना नावांचे हद्दीचे दगड रोवते. काम झाले की कर्नल ते दगड पाहून मधली जागा मोकळी करतो आणि तसा एका ओळीचा निरोपही नोंदवतो. साधुग्रामाचे मांडव उतरतात आणि तपोवनाची माती पुन्हा इतरांच्या उपयोगी पडते, तसेच हे.

ठरलेल्या पत्त्याचा तोटाही पुढे दिसून आला. घर कोठे आहे हे चोरालाही ठाऊक! म्हणून 2014 साली लिनक्समध्ये अशी सोय आली की यंत्र सुरू होताना दर वेळी कर्नल सगळाच्या सगळा नव्या, अनपेक्षित जागी सरकावा. तरीही आतल्या दालनांमधली अंतरे लिंकर स्क्रिप्टने आखली तशीच राहतात. त्यामुळे एकाच दालनाचा पत्ता बाहेर फुटला, की बाकीची सारी दालने नुसत्या बेरीज-वजाबाकीने सापडतात.